आणीबाणीत धावून जाणाऱ्यांसाठी धोक्याचा नकाशा: तालुका पातळीवर तो टप्प्याटप्प्याने कसा करावा

तालुक्याचा आपत्ती नकाशा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: पूरप्रवण गावं लाल, बाकीची पिवळी-हिरवी, खाली कार्यालयाचा शिक्का. रात्री दोन वाजता फोन आल्यावर १०८ चा चालक असा नकाशा पाहत नाही, कारण त्याला हवं ते त्यात नसतं. वाटेतला नळकांडी पूल या पावसात पाण्याखाली गेला असेल का? पोहोचल्यावर समोर काय असेल, विषारी वायू, वीज उतरलेलं पाणी की साप? आणि रुग्ण घेऊन परत कुठे जायचं?

ही उत्तरं देणारा नकाशा करता येतो, तोही फुकटच्या साधनांनी. खालची उदाहरणं मराठवाड्यातली आहेत. एक लॅपटॉप, त्यावर क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर) आणि चार-पाच अँड्रॉइड फोन पुरतात. चुका होतात त्या क्रमात. आधी डेटा गोळा होतो, मग रंग भरले जातात आणि शेवटी उपयोगाचा विचार होतो. खालचा क्रम बदलू नका. काम मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे मे संपायच्या आत नकाशा लोकांच्या हातात पडेल.

## टप्पा १: आधी प्रश्न लिहा, मग संगणक उघडा

१०८ चा चालक आणि त्यातले डॉक्टर, नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचे जवान, तालुका आरोग्य अधिकारी, नायब तहसीलदार, दोन-तीन तलाठी, एखादी अनुभवी आशाताई, महावितरणचा लाइनमन आणि पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता यांना एका टेबलाभोवती बसवा. सगळ्यांना एकच विचारा: मागच्या खेपेला निघालात तेव्हा कोणती गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं?

उत्तरं अशी येतात: ओढा वरच्या अंगाला भरलाय हे कळलं असतं तर दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो. त्या दवाखान्यात सर्पदंशाची लस संपली होती. कारखान्यात अमोनिया आहे हे गेटवर गेल्यावर कळलं. आखाडा (शेतातली राहती जागा) कुणाच्या शेतात तेच सापडेना.

यातले पाच ते आठ प्रश्न निवडा. प्रत्येकापुढे लिहा: हे कोण विचारणार, कधी विचारणार आणि उत्तर मिळाल्यावर काय वेगळं करणार.

तपासा: उत्तर मिळूनही कुणाची कृती बदलत नसेल, तर तो प्रश्न खोडा. तालुक्याचं सरासरी पर्जन्यमान हा त्यातलाच एक. नकाशावर छान दिसतो, पण रात्री दोन वाजता कुणाच्या कामी येत नाही.

## टप्पा २: पायाचा नकाशा नीट उभा करा

कंटाळवाणं काम हेच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. पाया चुकला की त्यावरचे माहितीचे सगळे थर (रस्ते, पूर, वायू असे एकेक विषय) चुकीच्या जागी बसतात.

गाव नावाने जोडू नका, कोडने जोडा. एकाच तालुक्यात पिंपळगाव, वडगाव, बोरगाव दोन-तीन असतात, वर बुद्रुक आणि खुर्द वेगळे. आरोग्य खात्याच्या यादीत एक शुद्धलेखन, महसूलच्या यादीत दुसरं. शिवाय २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या फायलींत जुनीच नावं आहेत. नावावर जुळवणी केली की अर्धी गावं गळतात आणि संगणक तक्रारही करत नाही. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला कोड आहे. तोच सगळ्या याद्यांत पहिला रकाना करा.

गावाचा मध्यबिंदू म्हणजे गाव नव्हे. गावाच्या हद्दीतून संगणक जो मध्यबिंदू काढतो, तो बहुतेक वेळा शेतात पडतो. उपग्रहचित्र पाहून गावठाणावर बिंदू हाताने ठेवा. मग वस्त्या, तांडे आणि शेतातले आखाडे टाका. पुरात अडकतात ते बऱ्याचदा आखाड्यावरचे सालगडी आणि त्यांची पोरंबाळं, आणि यादीत त्यांचं गाव वेगळंच असतं.

माणसं हंगामाप्रमाणे हलतात. बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला लोक निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेवढा काळ गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. त्याच वेळी साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या (ऊसतोड मजुरांच्या झोपड्या) पडतात, कधी थेट ओढ्याच्या काठाला. जनगणनेचा आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो. लोकसंख्येचे दोन रकाने करा: हंगामातली आणि हंगामाबाहेरची. तुळजापूरचं नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, माळेगावची यात्रा यांसाठी गर्दीचा वेगळा थर ठेवा, तारखांसह.

अक्षांश-रेखांशाच्या दोन चुका. पहिली अदलाबदलीची. मराठवाड्यात अक्षांश साधारण १७.५ ते २०.७ आणि रेखांश ७४.५ ते ७८.४ असतो. आकडे उलटे पडले तर तुमचं गाव थेट आर्क्टिक समुद्रात दिसेल, म्हणजे निदान चूक कळेल. दुसरी चूक लपून राहते. १९ अंश ३० मिनिटं हे कुणी १९.३० असं लिहितं. दशांशात ते १९.५० हवं. फरक पडतो सुमारे २२ किलोमीटरचा, आणि बिंदू शेजारच्या तालुक्यात अगदी खरा वाटेल असा बसतो.

अंतर मोजताना यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत) झोन ४३ उत्तर वापरा. किनवट तालुक्याचा काही भाग ७८ अंशांच्या पलीकडे म्हणजे पुढच्या झोनमध्ये जातो, पण जिल्ह्याच्या कामात एकच झोन ठेवलेला बरा.

फाइलचा प्रकार. शेपफाइल या नेहमीच्या नकाशा-फाइलमध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हं होण्याची शक्यता असते आणि रकान्यांची नावं दहा अक्षरांवर कापली जातात. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली यादी आधी युनिकोडमध्ये आणा.

तपासा: कोणतीही वीस गावं निवडा आणि त्या-त्या तलाठ्याला फोनवर बिंदू दाखवा. तीन चुकली तर पुढे जाऊ नका, सगळी यादी पुन्हा तपासा.

## टप्पा ३: धोक्याचे थर, एकेक करून

सगळे धोके एकत्र गोळा करायला बसू नका. टप्पा १ मधल्या प्रश्नांच्या क्रमाने जा.

### रस्ते आणि पूल

मराठवाड्यात हा थर सगळ्यांत आधी करावा, असं माझं ठाम मत आहे. कोणताही धोका असो, तिथवर पोहोचायचं याच रस्त्याने.

प्रत्येक नळकांडी पूल, कमी उंचीचा पूल आणि ओढ्यावरची फरशी बिंदू म्हणून टाका. उपग्रहाचा उंचीचा डेटा साधारण ३० मीटरच्या चौकटींचा असतो आणि उंचीत काही मीटरची चूक त्यात सहज असते. आपल्या सपाट पठारावर तेवढ्या चुकीत पूल आहे की बुडाला हे कळणं शक्य नाही. म्हणून गावात विचारा: पुलावरून पाणी शेवटचं कधी गेलं, किती तास राहिलं, खांबावर किंवा मंदिराच्या पायरीवर खूण कुठे आहे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा (२५ वर्षांतून एकदा) आणि लाल पूररेषा (१०० वर्षांतून एकदा) आखलेली असेल तर जरूर घ्या. पण ती मुख्य नद्यांची असते, ओढ्यांची नव्हे.

मग प्रत्येक गावापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ रस्त्याच्या जाळ्यावरून काढा, दोन वेळा: सगळे पूल चालू असताना आणि सखल पूल बंद असताना. नदीपलीकडचं गाव सरळ रेषेत चार किलोमीटरवर असतं, पण पूल बुडाला की तेच तीस किलोमीटरवर जातं. पाच-दहा किलोमीटरची वर्तुळं काढून 'दवाखाना जवळ आहे' म्हणणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे.

काळ्या मातीतले पांदण रस्ते वेगळ्या रंगात दाखवा. पावसानंतर तिथे रुग्णवाहिका रुतते, ट्रॅक्टर चालतो. ट्रॅक्टर कुठे मिळेल हीदेखील नकाशावरचीच माहिती आहे.

रडारवाल्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या चित्रांतून ढग असतानाही जुना पूर दिसतो. पुराआधीचं आणि नंतरचं चित्र जोडीने पाहा, नाहीतर शेततळीसुद्धा पूर म्हणून मोजाल. उभ्या उसाखालचं पाणी त्यात सहसा दिसत नाही. शिवाय उपग्रह रोज येत नाही. ओढ्याचा पूर काही तासांत उतरतो आणि चित्रात कोरडं शिवार येतं.

इशारा: पुराच्या पट्ट्यातली प्रत्येक डीपी नकाशावर टाका आणि तिला वीज देणाऱ्या उपकेंद्राचं नाव सोबत लिहा. पाण्यात उतरण्याआधी फीडर (उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी) बंद झाल्याची खात्री कुणाकडून करायची, हे बचाव पथकाला आधीच माहीत हवं.

### पूर ओसरल्यावर

पाणी उतरलं की पथकं परततात आणि आजार सुरू होतात. बुडणाऱ्या विहिरी, हातपंप आणि नळयोजनांचे उद्भव टाका. प्रत्येकापुढे गावच्या जलसुरक्षकाची ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) शेवटची कधी झाली ते नोंदवा. उरलेलं क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीच्या काळात ०.५.

पुराने बिळं बुडाली की साप घरात, गोठ्यात आणि कडब्याच्या गंजीत येतात. दवाखान्यांच्या थरात नुसतं 'प्राथमिक आरोग्य केंद्र' लिहून भागत नाही. सर्पदंशाची लस किती शिल्लक, रात्री डॉक्टर असतात का, श्वास द्यायची सोय आहे का, हे तीन रकाने हवेत. पावसाळ्यात ते दर आठवड्याला बदलले पाहिजेत.

### वायू आणि रसायनं

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या मोठ्या कारखान्यांची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार मोठ्या अपघाताची शक्यता असलेल्या कारखान्यांना आराखडा करावाच लागतो. पण तालुक्याच्या ठिकाणी धोका लहान जागांत लपलेला असतो: दूध शीतकरण केंद्र, बर्फाचा कारखाना आणि शीतगृहातला अमोनिया, जलशुद्धीकरण केंद्रातले क्लोरीनचे ९०० किलोचे टोनर (मोठे सिलिंडर), कृषी सेवा केंद्रांची कीटकनाशकांची गोदामं, जिनिंग, मळीच्या टाक्या. ही यादी तुम्हालाच फिरून करावी लागेल.

सेप्टिक टँक, मैला टाक्या आणि गाळ काढायच्या विहिरी यांनाही इथेच जागा द्या. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. अशा ठिकाणी पहिल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे 'वास नाही' ही खात्री समजू नका. वायूमापक आणि हवेच्या सिलिंडरचे मास्क कुठल्या केंद्रावर आहेत तो बिंदू टाका. तालुक्यात एकही नसेल तर तसं ठळक लिहा.

रस्त्यावरचे टँकर हा चालता धोका. फेब्रुवारी २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात उड्डाणपुलाजवळ गॅसचा टँकर धडकून गळती झाली आणि आजूबाजूचा परिसर रिकामा करावा लागला. समृद्धी महामार्ग आणि राष्ट्रीय महामार्गांवरच्या वळणांपासून, पुलांपासून जवळच्या शाळा, वसतिगृहं आणि दवाखान्यांची अंतरं आधीच काढून ठेवा. टँकरवरचे क्रमांक नकाशाच्या कडेला छापा: १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. एलपीजीचा टँकर आगीत सापडला तर सर्व दिशांना १६०० मीटर मोकळे करायचे असतात. तेवढं वर्तुळ आधीच आखलेलं असू द्या.

प्रत्येक जागेकडे जाणारे दोन रस्ते हवेत, दोन वेगळ्या दिशांचे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूचा रस्ता पहिला धरा. पण गाडी थांबवण्याआधी धूर, झेंडा, झाडाची पानं पाहून वारा तपासायचा, हे त्याच पानावर लिहा. क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात आणि सखल जागेत, नाल्यात साचतात.

### ऊन

इथे उपग्रहाची चित्रं फसवतात. लँडसॅटवरून मिळतं ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे, आणि तेही सकाळी साडेदहाच्या आसपासचं. मे महिन्यात नांगरून उघडी पडलेली काळी रानं त्यात शहरापेक्षा तापलेली दिसतात. तो नकाशा जसाच्या तसा घेतला तर उष्माघाताची पथकं रिकाम्या शिवारात पाठवाल. म्हणून उन्हाचा थर माणसांवरून करा: वीटभट्ट्या, रोहयोची कामं, डांबरीकरणाच्या टोळ्या, जालन्यातल्या स्टीलच्या रोलिंग मिल, पत्र्याची घरं. सोबत उष्माघात कक्ष, बर्फ आणि थंड पाणी मिळण्याच्या जागा टाका.

पथकालाही ऊन लागतं. रसायनरोधक पोशाखात चाळीस अंशांवर माणूस फार वेळ टिकत नाही. सावली आणि पाळी बदलायची जागा नकाशावर ठरलेली असावी.

### आकाशातली वीज

जागेचा नकाशा इथे फारसा उपयोगी नाही, वेळेचा इशारा महत्त्वाचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप पथकातल्या प्रत्येकाच्या फोनवर ठेवा. नकाशावर फक्त पक्क्या निवाऱ्याच्या जागा दाखवा.

## टप्पा ४: शिवारात जाऊन पडताळणी

क्यूफील्ड किंवा कोबो या माहिती भरायच्या ॲपमधला अर्ज फोनवर टाका. अर्ज छोटा ठेवा: फोटो, जागा, 'पाणी शेवटचं कधी आलं', 'कुणी सांगितलं', तारीख. माणसाचं नाव लिहू नका, 'पुलाजवळचा दुकानदार' एवढं पुरे. रुग्णांची नावं, घरांवरचे आजार नकाशावर कधीच नकोत. वस्तीपुरती संख्या ठेवा.

एकाच माणसाच्या सांगण्यावर पूल 'सुरक्षित' ठरवू नका. दोन वेगळ्या माणसांना विचारा, त्यातलं एक जण तरी ओढ्याच्या पलीकडचं असू द्या.

तपासा: पडताळलेला बिंदू भरीव आणि न पडताळलेला पोकळ दाखवा. पाहणाऱ्याला कशावर किती विसंबायचं ते लगेच कळतं.

## टप्पा ५: गुण द्या, पण बेरीज करू नका

पूर, ऊन, वायू, साप या सगळ्यांचे गुण मिळवून गावाला एकच आकडा देण्याचा मोह होतो. तो टाळा. ऊन आणि अमोनिया यांची बेरीज करून मिळालेल्या 'सात'मधून कुठला पोशाख घालायचा हे कळत नाही. प्रत्येक धोक्याचं पान वेगळं ठेवा आणि तीनच पातळ्या वापरा: नेहमीप्रमाणे जा, तयारीने जा, थांबून विचारा.

आणखी एक सापळा म्हणजे संगणकाला आपोआप पाच समान गट करू देणं. मग तालुका कितीही सुरक्षित असला तरी पाचवा हिस्सा लालच दिसतो. पातळीची सीमा कृतीवरून ठरवा: दवाखान्याला एक तासापेक्षा जास्त लागतो, पूल बुडाला की दुसरा रस्ताच नाही, वगैरे.

## टप्पा ६: नकाशाला इशारे जोडा

नकाशा खरा कामाला लागतो तो इथे. प्रत्येक नियमात चार गोष्टी हव्यात: संकेत काय, तो कुठून कळतो, पाहायची जबाबदारी कुणाची आणि मग काय करायचं.

- वरच्या धरणातून विसर्ग वाढला → पाटबंधारे खात्याचा संदेश → तहसीलचा नियंत्रण कक्ष → काठावरच्या गावांतल्या गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण आधी हलवणे.
- महसूल मंडळात जोराचा पाऊस → पर्जन्यमापकाचा आकडा → रात्रपाळीचा कर्मचारी → सखल पुलांचे रस्ते नकाशावर बंद, १०८ ला पर्यायी रस्ता.
- उष्णतेची लाट → हवामान खात्याचा इशारा → तालुका आरोग्य अधिकारी → वीटभट्ट्या आणि कामांच्या जागांना फोन, उष्माघात कक्ष तयार.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर हा आकडा पुराचा उंबरठा मानणं. तो अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठीचा निकष आहे. जूनमध्ये भेगाळलेली काळी माती बरंच पाणी पिऊन घेते. सप्टेंबरमध्ये तीच माती भरलेली असते आणि त्याहून कमी पावसातही ओढा पुलावर चढतो. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा उंबरठा वेगळा ठेवा आणि तो गावाच्या नोंदींवरून ठरवा.

दुसरी म्हणजे फक्त आपल्या मंडळाचा पाऊस पाहणं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पुराने गावं वेढली तेव्हा वरच्या भागातलं, लातूर-उदगीर आणि कर्नाटकाकडचं पाणीही खाली आलं होतं. प्रत्येक पुलासाठी वरचं पाणलोट क्षेत्र काढा आणि त्यात येणारी मंडळं त्या नियमात लिहा, मग ती दुसऱ्या जिल्ह्यातली का असेनात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परंडा तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तिथे धावणारी सीना अहिल्यानगर जिल्ह्यातून येते.

इशारा: 'नियंत्रण कक्ष पाहील' हा नियम नव्हे. पाळीनुसार पद लिहा आणि त्या पदाच्या अनुपस्थितीत कोण तेही लिहा.

## टप्पा ७: नेटवर्क नसताना चालेल असा हातात द्या

वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरही जातो. म्हणून तीन रूपं करा: फोनवर आधीच उतरवलेला ऑफलाइन नकाशा, प्रत्येक गाडीत जाड कागदावर छापलेली ए-३ पानं (पाण्यापासून जपलेली) आणि नियंत्रण कक्षाची मोठी प्रत.

लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही, रात्री टॉर्चच्या उजेडात तर कुणालाच नाही. रंगासोबत चिन्ह द्या. गावांची नावं मराठीत, लोक बोलतात तशी लिहा, म्हणजे तांड्याचं कागदावरचं नावही आणि तोंडातलं नावही. १०८, ११२, १०१ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ प्रत्येक पानावर असू द्या.

तपासा: फोन विमान मोडवर टाकून चालकाला एखाद्या आखाड्यापर्यंतचा रस्ता शोधायला सांगा. दोन मिनिटांत सापडला नाही तर पानाची मांडणी बदला, चालकाला दोष देऊ नका.

## टप्पा ८: सराव आणि दुरुस्ती

मेच्या शेवटच्या आठवड्यात टेबलाभोवती पुन्हा तीच माणसं बसवा. एक प्रसंग द्या: सप्टेंबरची रात्र, अमुक पूल बंद, पलीकडच्या तांड्यावर सर्पदंश, जवळच्या केंद्रात लस नाही. नकाशा पाहून निर्णय घ्यायला लावा आणि प्रत्येक अडखळ लिहून घ्या. दुसरा प्रसंग शीतकरण केंद्रातल्या अमोनियाच्या गळतीचा घ्या, वारा मुद्दाम उलटा ठेवून.

प्रत्येक थरावर 'शेवटची दुरुस्ती' ही तारीख आणि जबाबदार पद छापा. लसीचा साठा दर आठवड्याला, पूल आणि रस्ते मे आणि ऑक्टोबरमध्ये, कारखाने आणि गोदामं वर्षातून एकदा. नवा उंच पूल झाला, बंधारा फुटला, मंडळांची फेररचना झाली तर त्याच आठवड्यात. प्रत्येक घटनेनंतर दोन दिवसांच्या आत चालकाला आणि आशाताईंना फोन करून विचारा की नकाशा कुठे चुकला. जुनी छापील पानं गाड्यांमधून परत घेतल्याशिवाय नवी देऊ नका. एकाच गाडीत दोन वर्षांचे दोन नकाशे राहिले, तर घाईत हाताला जुना लागतो.